जुन्या मोटारसायकलचं ऑइल नेमकं कुठून गळतंय? इंजिन उघडण्याआधीचा शोध आणि नंतरची दुरुस्ती

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेकजण हाताला लागेल तो बोल्ट आवळतात. मग ओल्या सांध्यावर बाहेरून सिलिकॉन फासतात. तरी थांबलं नाही, की गॅसकेटचा (सांध्यांमध्ये दाबून बसवायच्या पातळ पट्ट्यांचा) पूर्ण संच आणून इंजिन उघडतात. पंधरा दिवसांनी डाग पुन्हा तिथेच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे थेंब पडतो तो इंजिनाच्या सगळ्यात खालच्या कडेवरून, उगम मात्र त्याच्या वर आणि पुढे असतो. आधी धुवायचं, मग वाट पाहायची, मग पाहायचं आणि सगळ्यात शेवटी पाना हातात घ्यायचा. खालचे टप्पे फोर-स्ट्रोक, ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या), एक-दोन सिलिंडरच्या जुन्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका.

## तयारी

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. त्यातल्या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून भिंतीवर चिकटवा: ऑइल किती आणि कोणत्या ग्रेडचं, डिपस्टिक कशी वाचायची आणि कोणता बोल्ट किती आवळायचा.

सामान फार लागत नाही. रॉकेल किंवा डिग्रीजर, दोन ब्रश (एक जाड, एक जुना दात घासायचा), पांढऱ्या सुती चिंध्या, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, टाल्कम पावडर, चांगली बॅटरी आणि छोटा आरसा. इंजिनाच्या मागच्या बाजूला मान वाकवून बघण्यापेक्षा आरसा धरणं सोपं. हत्यारांमध्ये रिंग पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) संच आणि कमी ताकदीचा, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटर मोजणारा टॉर्क पाना. चाकाच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क पाना इथे निरुपयोगी आहे. इतक्या कमी ताकदीवर तो नीट सांगत नाही आणि 'टक्' आवाजाची वाट पाहता पाहता बोल्ट तुटतो.

जुन्या जपानी गाड्यांच्या कव्हरना चौफुली खाचेचे स्क्रू असतात. ते साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचे नाहीत, जेआयएस (जपानी मानक) प्रकारचे आहेत, आणि पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्स लावला की तो खाचेतून वर सरकतो आणि खाच खातो. जेआयएस टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या.

सावध: सफाईला पेट्रोल वापरू नका. इंजिन गार असतानाच धुवा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही, हातमोजे घाला.

## टप्पा १: गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का?

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. पुढच्या आणि मागच्या चाकाची जागा पुठ्ठ्यावर पेनाने खुणा करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळेल. मग रंग, वास आणि चिकटपणा बघा.

- तपकिरी किंवा काळं, बोटांत निसरडं: इंजिन ऑइल.
- पुढच्या चाकाजवळ, फोर्कच्या चकचकीत नळीवर गोल कडं: फोर्क ऑइल. इंजिनाशी संबंध नाही.
- पेट्रोलचा वास, डाग वाळून पिवळसर: कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल कॉक.
- हिरवट, गुलाबी किंवा निळं, गोडसर वासाचं: पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातलं कूलंट.
- मागच्या रिमवर आणि स्विंगआर्मवर काळे, चिकट शिंतोडे: चेनवरचं वंगण. इंजिन ऑइल समजून लोक यावरच सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात.
- ब्रेकच्या पाइपखाली किंवा कॅलिपरजवळ ओलं आणि तिथला रंग फुगलेला: ब्रेक फ्लुइड. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ पाण्यात मिसळतं, ऑइल मिसळत नाही. एवढ्यावरून ओळख पटते. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

फोर्क गळत असेल तर लगेच सील बदलायला जाऊ नका. धूळझाकण वर सरकवा आणि कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाची किंवा तशाच पातळ प्लास्टिकची पट्टी सीलच्या कडेने हळूच फिरवा. अडकलेला कचरा निघाला की गळती थांबते, असं कितीदा तरी होतं. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र नवं सीलही टिकणार नाही.

## टप्पा २: पातळी आणि ब्रीदर

हा टप्पा सगळे वगळतात. मीही वगळला होता. एका जुन्या गाडीचं मॅग्नेट कव्हर (वीज तयार करणाऱ्या चुंबकावरचं झाकण) दोनदा उघडून गॅसकेट बदललं, तिसरं आणलं, आणि ते बसवताना लक्षात आलं की एअर फिल्टरचा डबा लावताना ब्रीदरचा पाइप (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) चौकटीखाली चेपला गेलाय. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली हवा दाबतो. तिला वाट मिळाली नाही, तर ती ऑइलला सगळ्यात दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलते. चेपलेला पाइप मोकळा केला आणि गळती थांबली. मॅग्नेट कव्हरचा काहीच दोष नव्हता.

पातळी. इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. गाडी सपाट जागेवर सरळ उभी हवी. साइड स्टँडवरचं माप खोटं. डिपस्टिक पुसून मॅन्युअल सांगतं तशी घाला. काहींची आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींची पूर्ण फिरवून बसवायची. जी फिरवून बसवायची ती नुसती टेकवली तर काठी वर राहते आणि ऑइल कमी दिसतं. मग आपण आणखी ओततो, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येतं.

ड्राय सम्प इंजिनाचं, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी असलेल्या गाडीचं माप गाडी चालवून आल्यावर लगेच घ्यायचं. बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून वर भरलं, की सुरू केल्यावर सगळं बाहेर.

पातळी आपोआप वाढली असेल तर ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतंय. इंजिन सुरू करू नका. कॉक बंद करा, सुई दुरुस्त करा, ऑइल पूर्ण बदला. पातळ झालेलं ऑइल कुठूनही गळतं आणि बेअरिंगही खातं.

ब्रीदर. पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने चाचपा. चेपलेला, आतून चिखलाने किंवा कीटकाच्या मातीच्या घराने बंद झालेला, चिरलेला आहे का? काही जुन्या गाड्यांत एकाच दिशेने उघडणारा झडप-तुकडा असतो. तो उलटा बसला की दाब आतच कोंडतो. पाइप काढून इंजिन मंद चालवा. फक-फक असे झोत येणं साहजिक आहे. पण धुरकट हवा जोराने आणि सतत येत असेल, शिवाय सायलेन्सरमधून निळा धूर आणि ऑइल पिणंही असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. त्यापुढे गॅसकेटवर खर्च करू नका. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या.

## टप्पा ३: धुणं

अर्धवट पुसलेल्या इंजिनावर उगम सापडत नाही. जुना चिकट थर हा नव्या ऑइलचा टीपकागद असतो, ते त्यात पसरतं आणि सगळं सारखंच ओलं दिसतं.

1. कार्ब्युरेटरचं किंवा एअर फिल्टरचं तोंड, प्लगची टोपी, उघड्या वायरींचे सांधे प्लास्टिकने झाका.
2. पुढच्या स्प्रॉकेटचं (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचं) झाकण काढा. आत चेनचं वंगण आणि माती यांचा लगदा असेल. तो आधी खरवडून काढा, नाहीतर तिथली सगळी सील लपून राहतील.
3. गार इंजिनावर रॉकेल किंवा डिग्रीजर लावा, १० मिनिटं मुरू द्या, वरून खाली ब्रशने घासा. पंख्यांच्या (सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पात्यांच्या) खाचा, सिलिंडर आणि हेडमधला (त्याच्या वरच्या भागामधला) सांधा, क्रँककेसची मागची बाजू विसरू नका.
4. पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या फवाऱ्याने सील आणि बेअरिंगमध्ये पाणी जातं.
5. चिंधीने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या.

तपासा: पांढरी चिंधी कोणत्याही सांध्यावर दाबली तर कोरडी निघाली पाहिजे. काळी निघाली तर पुन्हा धुवा. कंटाळा इथे केला तर पुढचे टप्पे वाया.

## टप्पा ४: पावडर मारून थोडं थोडं चालवणं

संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवा. खडूची पूडही चालते. सुरुवातीला गाडी जागेवरच ५ मिनिटं चालवा आणि बॅटरीने पाहा. काहीच दिसलं नाही तर एक-दोन किलोमीटर सावकाश फिरून या, पुन्हा पाहा. मग ५ किलोमीटर.

एकदम ३० किलोमीटर जाऊन आलात तर वाऱ्याने सगळं मागे पसरवलेलं असेल आणि परत धुवावं लागेल. ऑइल पहिल्यांदा जिथे पावडर काळी करतं तो क्षण पकडायचा आहे. फोटो काढत राहा, दोन फोटो शेजारी ठेवले की डाग कोणत्या दिशेने वाढला ते कळतं.

गाडी गरम असताना न गळता गार झाल्यावर गळणं किंवा याच्या उलट, हाही धागा आहे. फक्त उभी असताना आणि फक्त साइड स्टँडवरच गळत असेल, तर डाव्या बाजूचे खालचे सांधे आधी पाहा, कारण गाडी तिकडे झुकते. फक्त वेगात चालवल्यावर गळत असेल तर दाब किंवा वरच्या भागातलं ऑइल समजा.

पावडरने जमलं नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो. ओल्या क्लचला चालणाराच घ्या. अंधारात त्याचा दिवा फिरवला की उगम स्पष्ट दिसतो.

## टप्पा ५: उगम ओळखणं

वरून खाली जा, आणि ओल्या जागेतला सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा बिंदू शोधा.

टॅपेटची झाकणं आणि हेड कव्हर. जुन्या गाडीतली सगळ्यात स्वस्त गळती. टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर जिथे जुळवतात ती जागा) झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, उष्णतेने कडक आणि चपटी होते. नखाने दाबून पाहा. खूण उठत नसेल तर ती रबर राहिलेली नाही. इथून निघालेलं ऑइल पंख्यांवरून मागे ओघळतं आणि 'बेस गॅसकेट (सिलिंडरच्या बुडाचं) गेलं' असं वाटायला लावतं. इंजिन उघडण्याचा निर्णय घ्यायच्या आधी या ओ-रिंग बदलून पाहा.

टायमिंग चेनचा ताणक. बहुधा सिलिंडरच्या मागे असतो, दोन लहान बोल्टांनी बसवलेला. त्याचं चिमुकलं गॅसकेट कुणी बघतच नाही. आरसा इथे कामी येतो.

हेड आणि बेस गॅसकेट. हेडच्या सांध्यावर टायमिंग चेनच्या बोगद्याकडची किंवा ऑइल वर नेणाऱ्या स्टडजवळची बाजू आधी ओली होते.

क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हर. कव्हरचा सांधा वरच्या कडेपासून ओला आहे की नुसता खालून, ते बघा. खालीच ओला असेल तर बहुधा वरचं ऑइल तिथे येऊन थांबलंय. मॅग्नेटच्या वायरी जिथून बाहेर येतात तो रबरी बूच हमखास संशयित.

पुढच्या स्प्रॉकेटमागची जागा. इथे बऱ्याच इंजिनांत तीन-चार संशयित दाटीवाटीने असतात: स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग आणि क्लचची दांडी पोकळ शाफ्टमधून आरपार जात असेल तर तिचंही सील. ही जागा पुसून, पावडर मारून, स्प्रॉकेटचं झाकण न लावता इंजिन जागेवरच न्यूट्रलमध्ये चालवून पाहा. फिरत्या भागांपासून बोटं आणि कपडे लांब.

ड्रेन बोल्ट. वॉशर जुनाच वापरला असेल तर थेंब तिथेच.

## टप्पा ६: आवळणं, आणि थांबणं

बोल्ट सैल आहे का ते टॉर्क पान्याने बघा. अंदाजाने नको. ६ मिलिमीटर आट्याच्या कव्हर बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे १० किलोचा जोर. मनगट पुरतं, खांदा लावायचा नाही. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवावी लागते.

हेडचे नट फक्त गार इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने, तिरक्या क्रमाने आवळा. त्यानंतर टॅपेटचं अंतर तपासायलाच हवं, ते बदलतं.

सावध: बाहेरून सिलिकॉन फासू नका. ऑइल लागलेल्या पृष्ठभागावर ते चिकटत नाही आणि पुढचा शोध मात्र अवघड करून ठेवतं. 'गळती बंद' म्हणून ऑइलमध्ये ओतायची औषधं रबर फुगवतात. माझ्या मते जुन्या सीलचे त्यामुळे काही दिवस वाढतील, बरं काही होत नाही. आणि ओल्या क्लचशी ती जुळतात याची खात्री नसते.

## टप्पा ७: गॅसकेट बदलणं

1. ऑइल काढा. किक किंवा गिअरचा दांडा काढण्याआधी शाफ्टवर त्याची जागा मार्करने खूण करा.
2. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून क्रँककेस फोडू शकतो, आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि ते उखडतो.
3. रबरी हातोडीने कव्हरच्या कडेने ठोका. दोन पृष्ठभागांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं हा जुन्या गाड्यांवरचा सगळ्यात मोठा गुन्हा. तो ओरखडा कायम गळतो.
4. कव्हर निघताच शाफ्टवरचे पातळ वॉशर कव्हरला चिकटून आले का बघा. बसवण्याच्या पोकळ पिना आणि ऑइलच्या वाटेवरच्या बारीक ओ-रिंग मोजून डब्यात ठेवा.
5. जुनं गॅसकेट प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने काढा. आधी उघड्या इंजिनात चिंधी कोंबा, तुकडे आत पडू देऊ नका.
6. पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा. नवं गॅसकेट आधी नुसतं ठेवून प्रत्येक भोक जुळतं का पाहा.
7. कागदी गॅसकेटला ग्रीसचा नाममात्र हात पुरतो. सिलिकॉन फक्त मॅन्युअल सांगतं तिथे, पातळ. जास्तीचं आत लोंबतं, तुटतं आणि ऑइलच्या गाळणीत अडकतं.
8. सगळे बोल्ट हाताने लावून मग तिरक्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

मॅग्नेट कव्हर बसवताना चुंबक ते झटक्याने ओढून घेतं, बोट मध्ये ठेवू नका. बंद करण्याआधी चुंबकाला एखादा स्क्रू किंवा वॉशर चिकटलेला नाही ना, तेही बघा.

घरी कागद कापून गॅसकेट करायचं असेल तर जाडी मूळच्या गॅसकेटइतकीच हवी. काही ठिकाणी त्या जाडीवर आतल्या शाफ्टची ढिलाई ठरते.

## टप्पा ८: ऑइल सील

नवं सील मागण्यापूर्वी जुन्यावरचे आकडे वाचा. ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशा क्रमाने मिलिमीटरमध्ये असतात, जसं २० ३४ ७.

स्प्रॉकेटचं सील असेल तर स्प्रॉकेट धरून वर-खाली हलवा. शाफ्ट खडखडला तर बेअरिंग झिजलंय, आणि नवं सील महिनाभरात गळेल. चेन फार ताणून ठेवण्याची सवय बहुधा याच्या मुळाशी असते.

जुनं सील बाहेर खेचताना भोकाच्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका. नव्याच्या ओठाला ग्रीस लावा, शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओठ कापला जाणार नाही. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. सीलच्या बाहेरच्या कडेइतक्या गोटीने सरळ आणि सावकाश ठोका. शाफ्टवर जुन्या ओठाने चर पाडला असेल तर जागा असल्यास सील किंचित पुढे-मागे बसवा, म्हणजे नवा ओठ कोऱ्या जागी टेकेल.

## टप्पा ९: ऑइल भरणं आणि खात्री

ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. ऑइल ओल्या क्लचसाठीचं, म्हणजे जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. चारचाकींच्या काही ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक क्लच घसरवतात. मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन चालवा, थांबा, मग डिपस्टिक पाहून भर घाला. सिलिकॉन वापरलं असेल तर नळीवर लिहिलेला वेळ, बहुधा २४ तास, पूर्ण होईपर्यंत सुरू करू नका.

मग पुन्हा पावडर. ५ मिनिटं, १० किलोमीटर, १०० किलोमीटर, तिन्ही वेळा तीच जागा तपासा. निघालेलं जुनं ऑइल बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या, गटारात किंवा मातीत नको.

## नंतरची देखभाल

एका वहीत तारीख, किलोमीटर आणि किती मिलिलिटर भर घातली ते लिहीत जा. भर वाढत चालली आणि जमीन कोरडी असेल तर ऑइल गळत नाही, जळतंय. दर ऑइल बदलाला ब्रीदरचा पाइप, चेनचा ताण (मॅन्युअलच्या मापाने, सगळ्यात घट्ट जागी मोजून), टॅपेटच्या ओ-रिंग आणि बोल्ट पाहून घ्या. लांब उभी ठेवायची गाडी उभी करण्याआधी ऑइल बदला, काळ्या ऑइलमधलं आम्ल सील आणि बेअरिंगला लागतं.

मागच्या टायरवर, ब्रेकवर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पडणारी गळती आजच थांबवा. सांधा नुसता ओलसर दिसतोय, थेंब पडत नाही, पातळी महिनोन्महिने तीच आहे, अशा बेस गॅसकेटसाठी मात्र सिलिंडर उतरवू नका. कधीतरी पिस्टन रिंगसाठी तो उतरवावा लागेलच, तेव्हाच ते बदला.